चाकांवरचे घर आणि पांढरकवड्याची वाट

यवतमाळ शहर पठारावर वसले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील या गावातून पांढरकवड्याकडे निघालेला रस्ता सागाच्या डोंगरांतून वळणे घेत उतरतो आणि सुमारे 70 किलोमीटरनंतर राष्ट्रीय महामार्ग 44 ला भेटतो. काश्मीरहून कन्याकुमारीला जाणारा हा महामार्ग यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी अशी गावे जोडत पैनगंगेच्या काठी महाराष्ट्राचा निरोप घेतो. मार्गशीर्षात दोन्ही बाजूंस वेचणीला आलेला कापूस दिसतो आणि जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतून उडालेली बोंडे कडेच्या बाभळींना अडकून राहतात.

याच वाटेने यवतमाळच्या एका कापूस-व्यापारी ओसवाल कुटुंबाची गाडी एका सकाळी कुलपाकजी तीर्थाकडे निघाली. भगवान आदिनाथांची माणिक्यस्वामी म्हणून पूजिली जाणारी प्रतिमा तेथे आहे. 82 वर्षांच्या दादीजींना एकवार ते दर्शन घ्यावयाचे होते. मात्र त्यांचे चौविहाराचे आणि उकळलेल्या पाण्याचे नियम 40 वर्षांत कधी मोडले नव्हते. हॉटेलचे अन्न वर्ज्य, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही आणि गुडघ्यांमुळे मोटारीत दोन तासांहून अधिक बसणे अशक्य. म्हणून थोरल्या नातवाने भाड्याने आणले ते चाकांवरचे घर. मोठ्या बसच्या सांगाड्यावर बांधलेले. त्यात निजण्याच्या जागा, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, 500 लिटरची पाण्याची टाकी आणि रात्रीच्या वातानुकूलनासाठी जनरेटर होता. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशा गाड्यांची चर्चा घरोघरी होऊ लागली आहे. ही यात्रा सुखरूप पार पडली, तर अशीच गाडी बांधून घ्यावयाची, हा नातवाचा मानस होता. दुकानाच्या गल्ल्यातून जाणारी रक्कम लहान नव्हती. म्हणून काकाजींनी एकच अट घातली: जाता-येता डिझेलचा चोख हिशोब ठेवावा.

हिशोबाची रीत ड्रायव्हरनेच सांगितली. काट्यावर विश्वास ठेवावयाचा नाही. निघताना टाकी काठोकाठ भरावयाची, पोहोचल्यावर पुन्हा काठोकाठ भरावयाची. दुसऱ्यांदा जेवढे लिटर बसले, तेवढाच खरा खप. यवतमाळच्या पंपावर तशी नोंद करून गाडी सकाळी 8 वाजता सुटली.

उतारावर 14 टनांचे ओझे आपोआप घरंगळत होते. नातू प्रसन्न होता. ड्रायव्हर मात्र म्हणाला, "उतार फुकट नाही भाऊ, येताना वसूल करते." त्याचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 36 मेगाज्यूल ऊर्जा असते. इंजिनातून त्यातील एक-तृतीयांशाहून किंचित अधिक भाग चाकांपर्यंत पोहोचतो, उरलेली उष्णता होऊन निघून जाते. या हिशोबाने 14 टन वजन 100 मीटर उंच चढवावयास सुमारे 1.1 लिटर डिझेल लागते. पठार परत गाठावयाचे, तर हे देणे चुकणार नव्हते.

पांढरकवडा मागे पडला आणि चौपदरी रस्ता मोकळा झाला. तेव्हा कडेने चालणाऱ्या चार साध्वीजी दिसल्या. चातुर्मास संपून विहार सुरू झाला होता. दादीजींनी गाडी थांबवावयास सांगितली. थंड हवा आत राहावी म्हणून नातवाने इंजिन चालूच ठेवावयाची खूण केली. दादीजींनी मागे वळून न पाहता म्हटले, "आधी ते बंद करा. महाराज साहेबांना धूर लागतो." उभ्या गाडीचे असे मोठे इंजिन तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाळते, हे त्यांना ठाऊक नव्हते, त्यांना केवळ धूर दिसत होता. इंजिन थांबले. दादीजी काठी टेकत उतरल्या, "मत्थएण वंदामि" म्हणून वाकल्या. साध्वीजींनी धर्मलाभ दिला आणि सहज विचारले, "किती जण आहात?"

"दहा," नातू म्हणाला.

त्यांनी त्या लांबरुंद गाडीकडे एकवार पाहिले आणि सुखशाता विचारून त्या पुढे निघाल्या. खांद्यावर मावेल एवढेच त्यांचे सामान होते. दादीजी त्या दिसेनाशा होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या.

पुढे पैनगंगा ओलांडून गाडी तेलंगणात शिरली. वाटेत जेवण, विश्रांती यांत वेळ गेला आणि सूर्यास्ताची चिंता सुरू झाली. मार्गशीर्षात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. "80 वर असू द्या," नातवाचा आग्रह. ड्रायव्हर म्हणाला, "साठनं नेली तं सरळ चालते. ऐंशीनं नेली का डिझेल पिते." हेही खरे होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 60 वरून 80 वर जाताना तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. मोटार बसकी असते, तिला तो फारसा जाणवत नाही. पण भिंतीसारखे सपाट तोंड घेऊन धावणाऱ्या गाडीला तो पदोपदी मागे लोटतो. एवढे करूनही मुक्काम गाठता आला नाही. सूर्यास्तापूर्वी गाडी थांबवून दादीजींचे जेवण उरकावे लागले. रात्र गाडीतच काढली, तेव्हा आठ तास जनरेटर चालला आणि एकही किलोमीटर पुढे न जाता 12 लिटर डिझेल संपले.

दुसऱ्या दिवशी कुलपाकजीचे दर्शन झाले. दादीजी मूलनायकांसमोर बराच वेळ बसल्या. डोळे पुसून उठल्या तेव्हा त्यांनी काही मागितल्यासारखे दिसले नाही. जवळच्या पंपावर टाकी भरली: 500 किलोमीटरला 140 लिटर. लिटरला 3.6 किलोमीटर.

त्या रात्री धर्मशाळेत मुक्काम झाला. भोजनशाळेत उकळलेले पाणी होते, जेवण नियमाप्रमाणे होते आणि खोली तळमजल्यावर मिळाली. ज्या सोयींसाठी एवढे ओझे ओढत आणले, त्यांपैकी पुष्कळशा तेथे आधीच मांडून ठेवलेल्या होत्या. सायंकाळी ओट्यावर बसून दादीजी जुन्या गोष्टी सांगू लागल्या. लहानपणी त्या यवतमाळहून मूर्तिजापूरला शकुंतलेने जात. किलिक निक्सन कंपनीची ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी घातलेली. मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत राबत होते. मग डिझेल इंजिन आले आणि पुढे गाडीच थांबली. 113 किलोमीटरला अख्खा दिवस मोडे. "पण डब्यात गाव असायचं," दादीजी म्हणाल्या, "घरचा डबा, घरचं पाणी, आणि शेजारच्यांची पोरंही आपल्याच मांडीवर."

परतीचा बेत ड्रायव्हरने आखला. पहाटे 5 ला निघावयाचे, 60 च्या वर जावयाचे नाही, नवकारसीनंतर नाश्ता, दुपारी सावलीत मोठी विश्रांती आणि सूर्यास्तापूर्वी पांढरकवडा. टाकीतील न वापरलेले 300 लिटर पाणी धर्मशाळेच्या झाडांना घातले. तीन क्विंटल ओझे विनाकारण पाचशे किलोमीटर फिरून आले होते. सायंकाळी 5 वाजता गाडी पांढरकवड्याला पोहोचली. कापसाच्या शेताकडेला गाडी उभी करून आतल्या ओट्यावर खिचडी झाली, दादीजींनी निवांत जेवून पच्चक्खाण घेतले. स्वयंपाकघर बरोबर असताना धावण्याचे कारणच नव्हते. जाताना मात्र स्वयंपाकघर घेऊन सारे जण सूर्यामागे धावले होते.

रात्री यवतमाळच्या पंपावर पुन्हा टाकी भरली. चढ चढूनही 110 लिटर. लिटरला 4.5 किलोमीटर. नातवाचा चेहरा उजळला. एका फेरीत 30 लिटर वाचले होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक बचत केवळ वेग आवरल्याने झाली होती.

घरी काकाजींनी वही पुढे ओढली. "ही गाडी किती देते, हे कळले. माणशी किती लागले, ते काढा." हजार किलोमीटरला 250 लिटर, माणसे 10, म्हणजे माणशी 25 लिटर. लिटरला 16 किलोमीटर देणाऱ्या दोन डिझेल मोटारी नेल्या असत्या, तर माणशी साडेबारा. लिटरला साडेचार किलोमीटर देणारी साधी बस 40 जणांनी भरली, तर माणशी साडेपाच. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.68 किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. म्हणजे या यात्रेचा धूर पावणेसात क्विंटलांच्या आसपास. डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने त्यावरील कराची वजावटही नाही, ही व्यापाऱ्याची जादा नोंद काकाजींनी समासात केली.

"पण मोटारीत दादीजी बसू शकल्या नसत्या," नातू म्हणाला. ते कोणालाच नाकारता येईना. आजारी, वृद्ध माणसासाठी निजण्याची जागा ही चैन नव्हे, आणि नियम सांभाळून झालेले दर्शन लिटरमध्ये मोजता येत नाही. काकाजींनी वही मिटली. निर्णय दादीजींवर सोडला.

दादीजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, "त्या चाळीस जणांच्या बसमधल्या मागच्या चार बाकड्या काढून एक पलंग बसेल का?"

नातवाने कागद घेतला. पलंग बसत होता. लहान शेगडी आणि 50 लिटर पाणीही बसत होते. जागा उरत होत्या 30. त्याने हिशोब केला. माणशी साडेसात लिटरही लागत नव्हते.

"मग पोष दशमीला तशी बस ठरव," दादीजी म्हणाल्या. "आणि देरासरात सांग, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांची नावं आधी लिहायची."

गाडी बांधून घेण्याचा कागद नातवाने फाडला नाही. त्याच्या कोऱ्या पाठीवर त्याने नावे लिहावयास सुरुवात केली. पहिले नाव दादीजींचे होते, पलंगासह. दुसरे, त्यांच्या आग्रहाने, ड्रायव्हरच्या आईचे.