खरबूज, दही आणि ज्वारीच्या लाह्या

सिद्धेश्वर म्हटलं की लोकांना सोलापूर आठवतं. आमचं सिद्धेश्वर वेगळं. हिंगोली जिल्ह्यातलं, औंढा नागनाथ तालुक्यातलं, पूर्णा नदीवरच्या धरणाचं. वर येलदरीला आधी वीज करायची आणि मग तेच पाणी आमच्या धरणात अडवून कालव्याला सोडायचं, अशी ही जोडगोळी 1968 पासून चालू आहे. एवढं पाणी उशाला असूनही मे महिन्यात पारा 42-43 च्या खाली उतरायचं नाव घेत नाही, आणि सकाळी नऊ वाजता गरम पोह्यांची ताटली समोर आली की नको वाटतं.

सध्या महिनाभर घरून काम करायची परवानगी काढून गावी आलोय. कारण सांगतो. गेल्या मे महिन्यात अण्णांना (म्हणजे वडिलांना) ऊन लागलं. मोटारीपाशी चक्कर येऊन खालीच बसले. दवाखान्यात सलाइनच्या दोन बाटल्या लावल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळपासून पोटात काय गेलंय?" उत्तर होतं, दोन कप चहा. पहाटे साडेपाचला शेतात जायचं, नवाला परत यायचं, तोपर्यंत भाकरीची वासनाच मेलेली असते. त्यांचंच नाही, गावातल्या निम्म्या माणसांचं असंच चालतं.

म्हणून यंदा सकाळचा नाश्ता मी माझ्या अंगावर घेतला. गरम काही नको, जड काही नको. शेतात खरबूज तयार, मग फळांचाच नाश्ता. सोपं होतं की! पण पहिल्याच दिवशी चिरलेल्या खरबुजाची वाटी बघून अण्णा म्हणाले, "हे काय करायलास रं? आज एकादस हाय का?"

इथे जरा थांबायला हवं. शहरात फळं म्हणजे हेल्दी, फळं म्हणजे डाएट. आमच्याकडे फळ तीन कामांचं : उपासाला, आजाऱ्याला आणि बाजाराला. पोट भरायला भाकरी. त्यातून खरबूज तर घरचं पीक, म्हणजे पैसा. व्यापारी बांधावर येतो, एक नंबर, दोन नंबर असा माल वेगळा करतो, आणि तडकलेलं, डागी फळ घरात येतं. खरबूज पिकवणाऱ्या माणसानं चांगलं खरबूज चाखलेलंच नसतं, असं मी एकदा म्हणालो तर आई हसली, पण नाही म्हणाली नाही.

मग मी हिशेब मांडला (इंजिनिअरला दुसरं काय येतं?). खरबुजात सुमारे 90 टक्के पाणी, टरबुजात 92 च्या आसपास. (पुण्यात ज्याला कलिंगड म्हणतात ते आमचं टरबूज. यावरून पुण्यातल्या भाजीवाल्याशी माझा एकदा बराच वाद झालाय.) शंभर ग्रॅम खरबुजात पोटॅशियम अडीचशे मिलिग्रॅमच्या वर, पण सोडियम जेमतेम पंधरा-सोळा. आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणजे नुसतं गोड फळ खाऊन उन्हात गेलं तर पाणी मिळालं, मीठ नाही मिळालं. म्हणून चिमूटभर मीठ हवंच. ते चवीपुरतं नाही, कामाचं आहे.

आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि पाण्याला मागोमाग ओढून नेतात. ओआरएसचं सगळं गणित एवढंच. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपात भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पण ते बघायला ते नव्हते. माझ्या वाटीतलं खरबूज म्हणजे काही ओआरएस नव्हे. कुणाला खरंच ऊन लागलं तर वाटी बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. पण तत्त्व त्याच घराण्यातलं आहे.

अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा मागितला.

गाडी पुढे सरकली ती हिरव्या मिरचीमुळे. आई केळ्याची कोशिंबीर करते : दही, केळ्याच्या चकत्या, मीठ, मिरची, वरून मोहरीची फोडणी. वसमत-अर्धापूरच्या पट्ट्यातलं केळं आमच्याकडे बारा महिने मिळतं. चौथ्या दिवशी मी त्यातच खरबुजाच्या फोडी टाकल्या आणि वर मूठभर ज्वारीच्या लाह्या. अण्णांनी वाटी संपवली आणि "लाह्या अजून हायत का?" असं विचारलं. फळ गोड लागलं की तो प्रसाद, मीठ-मिरची पडली की ते जेवण. निदान आमच्या घरात तरी असंच आहे.

आता कृती. खरबूज रात्री बादलीत पाण्यात बुडवून ठेवायचं किंवा ओल्या पोत्यात गुंडाळायचं. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, पण कोरड्या हवेत ओलं पोतं फ्रिजच्या खालोखाल काम करतं. मुंबईच्या दमट हवेत हा प्रयोग करू नका, उपयोग नाही. सालीची जाळी खरखरीत असते, तिच्यात माती राहते, आणि सुरीबरोबर ती गरात जाते. म्हणून कापायच्या आधी घासून धुवायचं. हे किरकोळ वाटतं, पण 2011 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या एका शेतातल्या खरबुजांमधून लिस्टेरियाची लागण होऊन 33 माणसं दगावली होती. कापलं की लगेच खायचं. ऑफिसखाली गाडीवर कापून ठेवलेल्या फळांची प्लेट मिळते ना, ती मेमध्ये तरी टाळाच.

चार जणांना अर्धं खरबूज, दोन केळी, दोन वाट्या ताजं दही, मीठ, एक मिरची, हवी तर कोथिंबीर. रात्री भिजवलेले मूठभर शेंगदाणे घालायचेच, नाहीतर अकराला पुन्हा भूक लागते. सब्जा आवडत असेल तर वीस मिनिटं पाण्यात भिजवून घाला. अण्णांना आवडत नाही, "बेडकाची अंडी" म्हणतात. लाह्या अगदी शेवटी, ताटात वाढल्यावर, नाहीतर त्यांचा लगदा होतो. आईला शुगर आहे, म्हणून तिच्या वाटीत केळं नाही आणि खरबूजही बेतानंच. दुधात खरबूज मात्र आई घालू देत नाही. मीही वाद घातला नाही, दह्यात ते जास्त चांगलं लागतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पहिल्या आठवड्यात घरात सगळी तडकलेलीच फळं यायची. परवा व्यापाऱ्याचा टेम्पो भरताना मी एक नंबरच्या ढिगातलं एक खरबूज उचलून बाजूला ठेवलं. अण्णा म्हणाले, "इकायचा माल हाय तो." मी म्हणालो, "मग मी इकत घेतो," आणि खिशातून पन्नासची नोट काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती खिशात घातली. अजून परत दिलेली नाही!

मिरगाचा पाऊस पडला की खरबूज पाणचट होतं, म्हणजे तीनेक आठवडे हातात आहेत. लाह्यांचा डबा मात्र आत्ताच तळाला गेलाय. आई म्हणते औंढ्याच्या बाजारातून आण, तिथं ताज्या मिळतात.