कोरडी खंजिरी

भजनाने माणूस खरंच बदलतो का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. जाम-समुद्रपूरकडे तुकडोजी महाराजांची भजनं लहानपणीच कानावर पडतात. सामुदायिक प्रार्थना होते, माना डोलतात. खंजिरी थांबली की सतरंज्या गुंडाळायला दोघं-तिघंच उरतात.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण आपण नेहमी सांगणाऱ्यावर फेकतो. ऐकणाऱ्यांच्या कोरडेपणाबद्दल ती गप्प आहे. शिवाय कोरडेपणा वाईटच, हे तरी कुणी ठरवलं? पावसाळी हवेत खंजिरीचं कातडं सैल पडतं, थाप बसते पण आवाज उठत नाही. मग वाजवणारा ती विस्तवावर धरतो, बोटांनी चाचपतो, पुन्हा धरतो. कातडं कोरडं होऊन ताणलं गेलं की तीच खंजिरी खणखणते. लोकांसाठी गाणाऱ्यालाही आतून थोडं कोरडं राहावं लागत असेल का? प्रत्येक दुःखाने तो भिजत गेला, तर बोलेल कसा?

गाण्याने माणसं हलतात, हे मात्र दिसतं. 1985 साली बॉब गेल्डॉफ या रॉक गायकाने इथिओपियाच्या दुष्काळासाठी लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी मैफली घडवून आणल्या. गाण्यामुळे जगभरातून पैसा आला. पण पैसा देणं सोपं. ऑगस्ट 1942 मध्ये विदर्भातल्या चिमूरची माणसं इंग्रज सरकारविरुद्ध जिवावर उदार होऊन उठली, त्यामागे महाराजांच्या भजनांची चेतना होती असं आजही सांगतात. त्यात आंदोलक गेले, सरकारी अधिकारीही मारले गेले. मग लष्कर आलं आणि गावाने भोगलं ते बायकांनी सर्वांत जास्त भोगलं. महाराजांनाही तुरुंगात टाकलं.

इथे मला महाराजांपेक्षा गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्रा. भणसाळी जास्त आठवत राहतात. चिमूरच्या बायकांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून ते उपोषणाला बसले, पायी चिमूरकडे निघाले. हाती वाद्य नाही, समोर सभा नाही. पूर्वी अनेक वर्षं मौन पाळलेला माणूस. 63 दिवस अन्नावाचून. सरकारने त्या उपोषणाच्या बातम्यांवर बंदी घातली, तेव्हा निषेध म्हणून देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही. सभा न गाजवणाऱ्या माणसासाठी छापखाने गप्प झाले, आणि ती शांतता दिल्लीपर्यंत पोचली.

मग खंजिरी कशाला हवी? असं म्हणायला जीभ रेटत नाही. भणसाळी एखादाच निघतो. बाकीच्या आपल्यासारख्यांना जागचं उठायला ताल लागतो. पण ज्या तालावर माणूस दारूची बाटली खाली ठेवतो, त्याच तालावर तो हातात काठीही घेतो. चिमूर ठाऊक असूनही भजनाने माणूस हलावा, असंच मला मनापासून वाटतं. किती हलावा आणि कुठे थांबावा, हे वाजवणाऱ्याने ठरवायचं की ऐकणाऱ्याने, ते मात्र कळेनासं झालं आहे.