पन्नाशीचा सूर

स्टेडियममधल्या रॉकला एक मोठी सोय असते. गाणाऱ्याचा दम अपुरा पडो की वादकाचा हात चुको, स्पीकरच्या भिंती आणि हजारोंचा गलका सगळं पोटात घालतात. रोलिंग स्टोन्सनी १९९५ साली ही सोय आपणहून सोडली. ‘व्हूडू लाउंज’चा अवाढव्य दौरा चालू असतानाच ते ॲमस्टरडॅमच्या ‘पॅराडिसो’त, पॅरिसच्या ‘ऑलिंपिया’त, लंडनच्या ब्रिक्स्टन ॲकॅडमीत वाजवून आले. टोकियो आणि लिस्बनच्या स्टुडिओत सगळे एकत्र बसून जुनी गाणी वाजवली, तीही ध्वनिमुद्रित झाली. या साऱ्यातून ‘स्ट्रिप्ड’ हा अल्बम तयार झाला.

तेव्हा ‘अनप्लग्ड’ची, म्हणजे विजेची वाद्यं बाजूला ठेवून वाजवण्याची, लाटच होती. एरिक क्लॅप्टनच्या १९९२च्या अल्बमनंतर अकूस्टिक गिटार म्हणजे रॉकवाल्यांचा वानप्रस्थाश्रम, असं वाटू लागलं होतं. पण ‘स्ट्रिप्ड’ सुरू होतो तो ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’ने. १९६८च्या धगधगत्या वर्षातलं हे गाणं. त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणात कानावर आदळते ती गिटार इलेक्ट्रिक नव्हतीच. स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने अकूस्टिक गिटार छोट्याशा कॅसेट रेकॉर्डरपुढे अशी काही वाजवली, की त्या यंत्राला आवाज पेलेना. आवाज फाटला आणि तोच गाण्यात राहिला. म्हणजे ही डरकाळी मुळातच लाकडातून निघालेली.

आवाजाचा पसारा आवरला की चार्ली वॉट्स नीट ऐकू येतो. जॅझचा नाद असलेला हा ड्रमर स्नेअर ड्रमवर घाव घालताना उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवरून उचलून घ्यायचा. त्यामुळे दोन ठोके एकमेकांवर पडत नाहीत. घाव एकटा, स्वच्छ उमटतो. एरवी गदारोळात बुजणारी ही मोकळी जागा इथे गाणं तोलून धरते.

माझा जीव मात्र ‘द स्पायडर अँड द फ्लाय’वर. १९६५चं हे गाणं: कार्यक्रम आटोपून बारमध्ये बसलेला गायक आणि तिथे भेटलेली तिशीतली बाई. तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेल्या, स्टोन्सचा गायक असलेल्या मिक जॅगरला तिशी केवढी पोक्त वाटली असेल! तीस वर्षांनी तेच गाणं गाताना त्याने तिचं वय बदललं आणि सरळ पन्नाशीवर आणलं. तोही आता पन्नाशी पार केलेला. आधी पोरसवदा फुशारकी होती. आता दोन मुरलेली माणसं एकमेकांना जोखताहेत. गाणं एका आकड्याने वयात आलं.

रॉक तरुणांचं, हे खरंच. पण ते ज्याच्या पोटी जन्मलं, तो ब्लूज जाणत्यांचा. ज्या मडी वॉटर्सच्या गाण्यावरून या बँडने नाव घेतलं, तो साठी उलटल्यावरही रंगात गात होता. आपल्याकडच्या बैठकीसारखंच हे: गवयाचा थकलेला गळाही रसिक समजून घेतो, कारण त्या गळ्यातून वर्षं बोलत असतात. विशीतल्या स्टोन्सनी या बुजुर्गांचे सूर उसने घेतले होते. ‘स्ट्रिप्ड’मध्ये रॉबर्ट जॉन्सनचं ‘लव्ह इन व्हेन’ ऐकताना ते उसने वाटत नाहीत. पुढे स्टोन्स पुन्हा स्टेडियममध्ये गेले, जायचेच होते. पण म्हातारपण लपवायला नव्हे, वापरायला शिकलेला रॉक कसा वाजतो, ते कळतं या अल्बममध्ये.