न पाहिलेलें खंड

भूगोल शिकविणाऱ्या मास्तराइतका धीट प्रवासी जगांत दुसरा नसेल. हातांत एक छडी आणि भिंतीवर एक नकाशा एवढ्या सामग्रीवर तो अर्ध्या तासांत सहारा ओलांडतो, उरलेल्या वेळांत कांगोचीं अरण्यें तुडवितो, आणि घंटा होतांच हातावरचा खडू झटकून चहाला जातो. एका तालुक्याच्या गांवीं मीं हा प्रवास तीस वर्षें केला. या अवधींत आफ्रिका खंड मीं निदान शंभर वेळां तरी शिकविलें असेल. परंतु मुंबईच्या बंदरापलीकडचें पाणी मात्र कधीं पाहिलें नाहीं. ही कबुली आरंभींच दिलेली बरी. कारण न पाहिलेल्या वस्तूविषयीं माणूस किती निश्चिंतपणें बोलूं शकतो, हेंच मला पुढें सांगावयाचें आहे.

पहिलीं कांहीं वर्षें माझी आफ्रिका एका वहींत मावत असे. हवामान: उष्ण. अरण्यें: घनदाट. लोक: मागासलेले. हीं टिपणें मी फळ्यावर लिहीत असें आणि मुलें तीं मुकाट्यानें उतरून घेत. परीक्षेंत एक प्रश्न ठरलेला असे: 'आफ्रिकेला अंधारें खंड कां म्हणत?' उत्तरहि ठरलेलेंच: 'घनदाट अरण्यें, दुर्गम नद्या व मागासलेले लोक यांमुळें.' हें नांव युरोपीय लोकांनीं रूढ केलें. स्टॅन्लेनें १८७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्ताच्या नांवांतच तें घातलें होतें. इतक्या थोरांनीं दिलेल्या नांवाविषयीं मला शंका येण्याचें कारण नव्हतें.

एके वर्षीं आठवीच्या एका मुलानें उत्तर लिहिलें: 'कारण आपल्याला तिथली माहिती नाही.' एवढेंच एक वाक्य. मीं त्यावर लाल रेघ ओढली आणि पांच गुणांच्या जागीं शून्य मांडलें.

उत्तरपत्रिका वाटल्या त्या दिवशीं तो माझ्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला.

"सर, माझं काय चुकलं?"

"उत्तर वहीत लिहून दिलं होतं ना?"

"हो सर. पण तिथं राहणाऱ्यांना तर सगळं दिसतच असेल."

वर्गांत हशा पिकला. मीहि हंसलों, आणि त्याला जागेवर जाऊन बसावयास सांगितलें. तें माझें हंसणें मला पुढें फार दिवस सलत राहिलें.

त्या रात्रीं मीं पुस्तकें उघडलीं तीं त्या मुलाचें उत्तर खोडून काढण्यासाठीं. नायजर नदी कोणत्या दिशेस वाहते, हा वाद युरोपांतील विद्वानांत फार काळ चालला होता. १७९६ सालीं मंगो पार्क सेगू या नगरापाशीं पोंचला आणि नदी पूर्वेस वाहते, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. हा एक मोठा शोध म्हणून मी शिकवीत आलों होतों. परंतु सेगू हें तटबंदीचें, गजबजलेलें शहर होतें. तेथले नावाडी त्याच पाण्यावर रोज होड्या लोटीत होते. नदी कोणीकडे वाहते हा प्रश्न त्यांना कोणी विचारला असता, तर त्यांनीं विचारणाऱ्याच्या तोंडाकडेच पाहिलें असतें. मुलाचें उत्तर खोडावयास बसलेला मी तेथेंच थांबलों. अंधार होता तो लंडनांतल्या नकाशावर होता. आणि त्यानंतर दोनशें वर्षें लोटलीं तरी माझ्या वहींत होता.

पुढच्या वर्षापासून मीं आफ्रिकेचा आरंभ नायजरपासूनच केला. ही नदी गिनीच्या डोंगरांत अटलांटिक समुद्रापासून सुमारें २४० किलोमीटरांवर उगम पावते, आणि जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून वाळवंटाची वाट धरते. टिंबक्टूजवळ वाळवंटाची कड गांठल्यावर ती दक्षिणेस वळते, आणि एकंदर ४,००० किलोमीटरांहून अधिक फेरा घालून गिनीच्या आखातास मिळते. असें ती कां करते? मुलें गप्प बसत. मग मी विचारीत असें, "महाबळेश्वराहून समुद्र किती लांब?" आपली कृष्णा अरबी समुद्रापासून सुमारें ६५ किलोमीटरांवर उगवते, तरी सारें दख्खन ओलांडून जाते ती बंगालच्या उपसागराकडे! जमिनीचा उतार जिकडे, तिकडे पाणी. घरची नदी आठवली कीं परक्या नदीचें वागणें मुलांना चमत्कारिक वाटत नसे.

हवामानाचीं टिपणें मीं बाजूस ठेवलीं. कोऱ्या कागदावर खंडाची आकृति काढून तिला विषुववृत्तावर घडी घालावयास मी मुलांना सांगूं लागलों. उत्तरेचें टोंक ३७ अंशांवर, दक्षिणेचें ३५ अंशांवर. रुंदी जुळत नाहीं, परंतु पट्टे जुळतात: मध्यें अरण्य, दोहों बाजूंस गवताळ प्रदेश, त्यापलीकडे उत्तरेस सहारा व दक्षिणेस कलहारी, आणि दोहों शेवटांशीं हिवाळ्यांत पाऊस पडणारा किनारा. पावसाचा पट्टा सूर्यामागून वर्षभर उत्तरेस व दक्षिणेस सरकत असतो, हें एक कारण कळलें कीं पुढचें पुष्कळसें मुलें आपण होऊन सांगत. कांगो विषुववृत्त दोनदां ओलांडते. तिच्या खोऱ्याच्या एका बाजूस कोरडे दिवस असतात तेव्हां दुसरीकडे पाऊस असतो, म्हणून तिचें पाणी बाराहि महिने फारसें घटत नाहीं. हें उत्तर मीं कधीं लिहून दिलें नाहीं; तें त्या घडीनें दिलें.

लोकांचें प्रकरण मात्र कठीण होतें. 'मागासलेले' हा शब्द पुसणें सोपें. त्या जागीं लिहावें काय? १४० कोटींहून अधिक माणसें, ५४ राष्ट्रें, हजारांवर भाषा. एवढ्यांना पुरेल असें विशेषण कोणत्याहि कोशांत नाहीं. मीं मुलांना देशांच्या सीमांवर पट्टी ठेवावयास सांगितली. पुष्कळ सीमा पट्टीशीं तंतोतंत जुळल्या. नदीला किंवा डोंगराला अशी सरळ रेघ येत नाहीं. ती टेबलावरच येते. १८८४–८५ सालीं बर्लिन येथें युरोपीय राष्ट्रांनीं या खंडाच्या वांटणीचे नियम ठरविले, आणि त्या बैठकींत आफ्रिकेचा एकहि प्रतिनिधि नव्हता. तेथून पुढें लवकरच बहुतेक खंड वांटलें गेलें. हें सांगितल्यावर वर्गांत जी शांतता पसरे, ती मला नेहमींच्या पाठांतराहून अधिक मोलाची वाटे.

आणि मग मलिक अंबर. इतिहासाच्या तासाला आमचीं मुलें त्याला चांगलीं ओळखतात. त्यानें निजामशाही सांवरली, मोगलांना गनिमी काव्यानें जेरीस आणलें, जमीनमहसुलाची घडी बसविली. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात तें नगर त्यानेंच खडकी या नांवानें वसविलें. परंतु हबशी म्हणजे कोठला, हें भूगोलाच्या तासाला कोणी विचारीत नाहीं. इथिओपियांत जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि मालकामागून मालक बदलीत दख्खनला आला. जंजिऱ्याच्या सिद्दींचें मूळहि आफ्रिकेंतलेंच. ज्या मोसमी वाऱ्यांची आम्ही कोंकणांत वाट पाहतों, त्यांच्याच आधारानें पूर्व आफ्रिकेचीं गलबतें शतकानुशतकें आमच्या किनाऱ्यास येत, आणि हिवाळ्यांत वारा फिरला कीं परत जात. त्यांतून व्यापाराचा माल आला, आणि साखळींत बांधलेलीं माणसेंहि आलीं. वाराच नव्हे, पाऊसहि आमच्याच ऋतूंतला! इथिओपियाच्या पठारावर आमच्या आषाढ-श्रावणांत जो पाऊस कोसळे, त्याच्याच पुरानें इजिप्तचीं शेतें हजारों वर्षें भिजत आलीं. १९७० सालीं आस्वानचें मोठें धरण पुरें झालें, आणि तो पूर तेथें अडला. ज्या खंडाला मी इतका दूर समजत होतों, तें आमच्या पावसाचें आणि आमच्या इतिहासाचें शेजारी निघालें.

त्या मुलाचे गुण मीं वाढविले कीं नाहीं, असें वाचक विचारतील. वाढविले नाहींत. निकालपत्रकें तयार झालीं होतीं, ही सबब मीं मनाशीं केली; खरें सांगावयाचें तर भर वर्गांत आपली चूक कबूल करण्याचा मला धीर झाला नाहीं. पुढें मीं प्रश्नच बदलला: 'आफ्रिकेला अंधारें खंड कोणीं म्हटलें, व त्यांना काय दिसत नव्हतें?' त्यावर मुलांनीं पुष्कळ चांगलीं उत्तरें लिहिलीं. परंतु त्या एका वाक्याहून नेमकें मीं कांहीं वाचलें नाहीं.

तो मुलगा आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. कोठेंहि असो, त्याचे पांच गुण मी अजून देणें लागतों.