माकोन्दो नावाची विहीर

मराठीत विहिरीच्या काठाशी शब्दांची मोठी गर्दी आहे. आड, बारव, बाव, पायविहीर. पुढे मोट, धाव, थारोळे, रहाट. विहीर नाहीशी करण्याच्या कामाला मात्र 'बुजवणे' हे एकच क्रियापद आजवर पुरले. दगड, मुरूम, माती आत लोटावी, वरची जमीन सपाट करावी, की काम संपले. विहीर बुजली की नाही, असा प्रश्न कोणास पडत नाही, कारण ते डोळ्यांना दिसते. तेलाच्या विहिरीलाही आपण सवयीने विहीरच म्हणतो; पण या विहिरीत कोणालाही डोकावता येत नाही. जमिनीखाली किंवा समुद्रतळाखाली काही हजार मीटर उतरत गेलेले, तळाशी वीतभर रुंदीचे ते छिद्र असते. आत काय चालले आहे, हे वर बसलेल्या माणसांना दाबमापकाच्या काट्यावरून आणि परत येणाऱ्या द्रवाच्या मापावरून ताडावे लागते. सरळ सांगायचे तर ही विहीर वाचावी लागते. आमच्यासारख्या साहित्य शिकवणाऱ्यांनी या विषयात डोके घालण्याचे कारण एवढेच.

अशी विहीर बंद करण्याची रीत थोडक्यात अशी : छिद्रात पोलादी नळ्या उतरवलेल्या असतात. नळीतून खाली ढकललेले ओले सिमेंट तळाशी वळसा घेऊन नळी आणि खडक यांच्यामधल्या फटीत चढते व तेथे घट्ट होते. नळीच्या पोटात जेथे वाट अडवायची, तेथे पोलादाला दाबून बसणारे रबरी अडसर बसवतात आणि त्यांवर सिमेंटचा बूच ओततात. सिमेंट कठीण असते, पण ताण आला की तडकते. रबर लवचीक असते, पण उष्णतेने आणि वयाने थकते. म्हणून दोघांनाही एकमेकांची गरज पडते. एवढे करूनही विहीर बंद झाली असे कोणी म्हणत नाही. तिची परीक्षा घ्यावी लागते, आणि त्यांतली एक परीक्षा विलक्षण आहे. विहिरीला दाबून धरणारा जड द्रव मुद्दाम काढून घेतात, त्या जागी हलके समुद्राचे पाणी भरतात आणि वाट पाहतात. डोक्यावरचे ओझे उतरल्यावरही विहीर गप्प राहिली, तरच बूच खरा.

मेक्सिकोच्या आखातात, अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे दीड किलोमीटर खोल पाण्याखाली ब्रिटिश पेट्रोलियम अर्थात बीपी या कंपनीने खोदलेल्या विहिरीची ही परीक्षा २० एप्रिल २०१० रोजी झाली. विहिरीचे नाव होते माकोन्दो. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या १९६७ सालच्या 'वन हंड्रेड यिअर्स ऑफ सॉलिट्यूड' या कादंबरीतल्या गावाचेच हे नाव. खोदकाम संपले होते. 'डीपवॉटर होरायझन' हा तरंगता मंच विहीर तात्पुरती बंद करून दुसरीकडे निघायचा होता. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात तळाचे सिमेंट ओतून झाले. आत जितका द्रव गेला तितकाच बाहेर आला, यावरून काम उत्तम झाल्याचा निष्कर्ष निघाला. ध्वनिलहरींनी सिमेंटची पकड तपासणारे तंत्रज्ञ मंचावर हजर होते. त्यांना सकाळी परत पाठवण्यात आले. वास्तविक द्रवाचा हिशेब जुळला याचा अर्थ वाटेत काही हरवले नाही, एवढाच. सिमेंट कोठे जाऊन बसले आणि ते कसे आहे, याविषयी तो हिशेब काहीच सांगत नव्हता.

संध्याकाळी ती परीक्षा सुरू झाली. ड्रिल पाइपमधला दाब खाली आणून नळी बंद केली, की काटा पुन्हा चढू लागे. हे एकदा नव्हे, तीनदा घडले. शेवटी काटा दर चौरस इंचास १,४०० पौंडांवर जाऊन थांबला. मग 'किल लाइन' नावाच्या बाजूच्या अरुंद नळीवर परीक्षा घेतली गेली. ती अर्धा तास उघडी ठेवली, तेव्हा तीतून काही वाहिले नाही. दोन्ही नळ्या एकाच विहिरीत उघडत होत्या. एक म्हणत होती, खाली काहीतरी जिवंत आहे. दुसरी म्हणत होती, सर्व शांत आहे. ज्यांना अशा परस्परविरोधी साक्षींचा उलगडा करायचा होता, त्यांच्यापुढे एक स्पष्टीकरण आले. वरच्या जड द्रवाचे वजन झडपेतल्या मोठ्या रबरी कड्यावर पडते आणि रबरातून तो दाब खाली पोचतो, म्हणून काटा चढलेला दिसतो. या कल्पनेला 'ब्लॅडर इफेक्ट', म्हणजे फुग्याचा परिणाम, असे भारदस्त नावही होते. रात्री आठच्या सुमारास परीक्षा उत्तीर्ण ठरली.

रात्री ९ वाजून ४९ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मंचावर १२६ माणसे होती. ११ माणसे गेली आणि त्यांचे देह कधीच सापडले नाहीत. दोन दिवसांनी मंच बुडाला आणि विहीर ८७ दिवस समुद्रात ओकत राहिली.

राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. फुग्याच्या परिणामाने तो १,४०० पौंडांचा दाब समजावून सांगता येत नाही, असे आयोगाने स्पष्ट केले. शांत राहिलेली नळी जाड, चिकट द्रवाने तुंबली असण्याचा संभव आयोगाने नोंदवला. आणखी एक गोष्ट आयोगाला आढळली : ही परीक्षा कशी घ्यावी आणि तिचा निकाल कसा वाचावा, याविषयी त्या वेळी ना सरकारी नियम होता, ना त्या उद्योगाची ठरलेली पद्धत. म्हणजे ज्या वाचनावर सव्वाशे माणसांचे प्राण टांगलेले होते, ते वाचन कोणी कोणाला रीतसर शिकवलेच नव्हते.

आम्ही वर्गात सांगतो की संहितेला एकच एक अर्थ नसतो. ते आम्हाला आजही खरे वाटते आणि त्यावर पाणी सोडण्याचे कारण दिसत नाही. परंतु अर्थ अनेक असतात या विधानाचा आधार घेऊन, जुळत नाही तो भाग बाजूला सारण्याची मुभा आपण स्वतःला किती सहज देतो! कवितेत एक ओळ आपल्या प्रतिपादनाला आडवी येते. मग तेथे 'उपरोध', 'विसंगती', 'संदिग्धता' यांपैकी एखादी संज्ञा ठेवली जाते आणि विवेचन पुढे सरकते. संज्ञा वाईट नाहीत. मात्र संज्ञेने प्रश्न उलगडला की प्रश्नावर बूच बसला, हे पाहण्याची सवय हवी. माकोन्दोवरची माणसे अडाणी नव्हती, निष्काळजी स्वभावाचीही नसावीत. त्यांनी काटा पाहिला, तो चढतो आहे हेही पाहिले. त्यांच्याकडे त्या काट्यासाठी एक शब्द तयार होता, आणि काम संपवून निघण्याची घाई होती. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर विहीर काय सांगते आहे, हे ऐकायला कोणी उरले नाही. कवितेच्या चुकीच्या वाचनाने कोणी मरत नाही, असे यावर म्हटले जाईल. तेथे आमचे म्हणणे इतकेच की वाचनाची सवय एकच असते. विद्यार्थी ती वर्गातून घेऊन अहवाल, करार, रोगनिदान आणि दाबमापक यांच्याकडे जातो.

नावाचा योगायोग येथे टाळता येत नाही. मार्केझच्या माकोन्दोत निद्रानाशाच्या साथीत लोकांची स्मृती जाऊ लागते, तेव्हा ते प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवतात. पुढे केळ्यांच्या कंपनीच्या संपात माणसे मारली जातात आणि असे काही घडलेच नाही, ही अधिकृत आवृत्ती सगळ्यांच्या अंगवळणी पडते. अखेरीस घराण्यातला शेवटचा पुरुष जुन्या हस्तलिखिताचा अर्थ लावतो. त्याचे वाचन अचूक असते, पण ते पुरे होते त्याच घटकेला वारा गाव पुसून टाकतो. या नावाची निवड करणाऱ्याने कादंबरी कशी वाचली होती, कोण जाणे. चिठ्ठी तेवढी विहिरीवर आली.

ही विहीर पुढे खरोखर बंद झाली, हेही सांगितले पाहिजे. १५ जुलै २०१० रोजी वरून बसवलेल्या नव्या झडपेने प्रवाह थांबला. ऑगस्टच्या आरंभी वरून जड द्रव आणि सिमेंट उतरवले गेले. तेवढ्यावर न थांबता बाजूने खोदत आणलेल्या दुसऱ्या विहिरीतून तळाशी पोचून सप्टेंबरात तेथेही सिमेंट भरले. त्याची दाब देऊन चाचणी घेतली आणि मग १९ सप्टेंबरला विहीर मृत झाल्याचे जाहीर केले. वरून प्रवाह थांबल्यानंतर ते जाहीर करायला दोन महिन्यांहून अधिक काळ जाऊ दिला गेला. एप्रिलमध्ये त्या काट्यापाशी आणखी एक रात्र थांबणे कोणास परवडले नव्हते.