आधी घर पाहावे, मग बाजार

काटकसर म्हटली की आपल्याकडे ती म्हाताऱ्या माणसांची खोड समजली जाते. शिकत्या पोराने जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून वापरली, तर लोक म्हणतात, बापाची परिस्थिती दिसत नाही. एखाद्याने घरचे बियाणे पेरले, तर शेजारी विचारतो, दुकानदाराने उधारी बंद केली काय? या लाजेपायी दरसाल घराघरांतून किती पैसा निघून जातो, हे मी विस्ताराच्या कामात गावोगाव फिरताना पाहत आलो आहे. पण माझ्या पुतणीने ते वहीत मांडले, तेव्हा माझ्या भावाला पटले. वाचक शेतकरी बंधू-भगिनींना त्या वहीचा उपयोग व्हावा, म्हणून हे लिहितो.

पुतणी अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी पदवीचे शिक्षण घेते. भावाची शेती कोरडवाहू. कापूस, तूर आणि तीन एकर सोयाबीन. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घरांना जून महिना कसा जातो, हे सांगायला नको. बियाणे, खत, पोरांची फी आणि खानावळीचे पैसे, सारे एकदमच उभे राहते. पोरीच्या प्रवेशाच्या वर्षी भावजयीची सोन्याची पोत गहाण पडली आणि ती सोडवायला संक्रांत उजाडली. त्या संक्रांतीला पोरगी घरी आली होती. तिने बापाला विचारले, "बाबा, वर्षाचा पैसा जातो कुठं?"

भाऊ म्हणाला, "जाते कुठं बाप्पा, वावरातच जाते."

एवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. तिने वही काढली आणि पानावर दोन रकाने पाडले. एकाला नाव दिले "विकत आणले", दुसऱ्याला "घरात होते". वर्षभरात आठवेल ती प्रत्येक खरेदी पहिल्या रकान्यात लिहायची आणि त्याच कामाची वस्तू घरी होती का, ते दुसऱ्यात. पहिले पान तिने स्वतःचेच लिहिले. चार नव्या वह्या, आणि खोलीत पडलेल्या जुन्या वह्यांत निम्मी पाने कोरी. नवी पुस्तके, आणि वरच्या वर्गातल्या मुली तीच पुस्तके अर्ध्या किमतीत द्यायला तयार. बाजारातली रजई, आणि आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी घरी पेटीत. मला म्हणाली, "मोठेबाबा, माझंच पान असं, तर बाबांच्या वावराचं कसं असंल?"

वावराच्या पानावर पहिली नोंद खताची निघाली. उधारीवर पोती आणायची, आणि इकडे पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवून द्यायची. गोठ्यातले शेण उकिरड्यावर उन्हात वाळायचे आणि पावसात वाहून जायचे. यावरचा उपाय शोधायला तिला दूर जावे लागले नाही, तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची पद्धत बसवली. त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात आणि देशभर ती त्याच नावाने चालते.

गोठ्याची एक जुनी भिंत पडली होती, तिच्या विटा निघाल्या. बापलेकीने 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच अशी टाकी रचली. विटा मातीत बसवल्या, वरचा थर तेवढा सिमेंटात घेतला. चारही भिंतींना हवेसाठी मध्ये मध्ये छिद्रे ठेवली. फेब्रुवारीत शनिवार-रविवार पाहून पोरगी आली आणि टाकी भरली. आधी भिंती शेणकाल्याने भिजवल्या. मग सहा इंच काडीकचऱ्याचा थर, त्यावर सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात चार किलो शेण कालवून शिंपडले, त्यावर 50 ते 60 किलो चाळलेली कोरडी माती. असे अकरा-बारा थर देऊन टाकी झोपडीच्या आकाराने वर दीड फूट नेली आणि शेणमातीने लिंपून टाकली. पंधरा-वीस दिवसांनी भर खाली बसली, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपली. एका टाकीला चौदा-पंधराशे किलो काडीकचरा लागतो आणि शेण मात्र शंभर किलोच्या आत भागते. भेगा पडू दिल्या नाहीत आणि ओल टिकवली, तर तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत निघते. नुसती पऱ्हाटी लवकर कुजत नाही. ती बारीक करून घ्यावी आणि सोबत पालापाचोळा, बी धरण्याआधी उपटलेले गाजरगवत, तुरीचा पाला असे मऊ काही मिसळावे.

दुसरी नोंद सोयाबीनच्या बियाण्याची. कपाशीचे बीटी बियाणे संकरित असते, ते घरचे धरता येत नाही. सोयाबीनच्या वाणाचे तसे नाही. ते स्वपरागी पीक आहे. एकदा चांगले प्रमाणित बियाणे आणले, की पुढची दोन वर्षे त्यातलेच राखून पेरता येते. फक्त उगवण तपासली पाहिजे. पोरीने मे महिन्यात ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडले, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवले आणि रोज पाणी शिंपडायला आईला सांगितले. सातव्या दिवशी मोजले, तर 78 दाण्यांना चांगले कोंब होते. 70 किंवा त्याहून जास्त दाणे उगवले, की एकरी 30 किलो बियाणे पुरते. म्हणजे तीन एकरांचे 90 किलो बियाणे घरातच होते. मात्र सोयाबीनची साल नाजूक असते. पोती आपटू नयेत, त्यांची उंच थप्पी लावू नये, आणि पेरण्याआधी बीजप्रक्रिया चुकवू नये.

तिसरी नोंद भावजयीच्या पेटीची. लग्नसराईत आलेले ब्लाऊजपीस, दुपट्टे, टोप्या आणि साड्या पेटीत पडून, आणि दरवर्षी आहेरासाठी तितकेच नवे विकत आणायचे. ज्याला द्यायचे त्याच्याकडेही पेटी भरलेलीच. पोरगी म्हणाली, आपल्या तुरीची डाळ आहेरात देऊ. भावजय आधी बिचकली. "लोक काय म्हणतील?" पण पहिल्या लग्नात पाच किलो घरची डाळ दिली, तर मुलीच्या आईने ती हाताने निवडून वेगळी ठेवून घेतली. तेव्हापासून भावजयीचा विरोध मावळला.

येथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. प्रत्येक जुनी वस्तू पुन्हा वापरायची नसते. फवारणीच्या औषधाचा डबा दिसायला मजबूत असतो. काही घरांत तो धुऊन त्यात पाणी, तेल किंवा धान्य भरतात. हे कदापि करू नये. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. रिकामा डबा तीन वेळा खळबळून ते पाणी फवाऱ्याच्याच टाकीत टाकावे, डब्याला भोके पाडावीत आणि विहीर-नाल्यापासून दूर खोल पुरावा. पऱ्हाटीचेही तसेच आहे. चुलीसाठी तिचे ढीग उन्हाळाभर घराशी रचले, तर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी उपटून, बारीक करून खतात घालावी. धान्याची जुनी पोती झटकून, गरम पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवावीत. नाहीतर मागच्या वर्षीचे सोंडे यंदाच्या धान्यात जातात. वस्तूचे काम संपले कधी, हे ओळखणे हाही काटकसरीचाच भाग आहे.

जून आला. नाडेपचे खत एका एकरात पडले आणि रासायनिक खताची दोन पोती कमी लागली. बियाण्याचे पैसे हातात राहिले. वसतिगृहाचा खर्चही उतरला. या सगळ्याने भावाचे पीककर्ज फिटले नाही, कापसाचा भाव वाढला नाही आणि पाऊसही आपल्या वेळेला आला नाही. खताची तर अजून दोन टाक्यांची गरज आहे. पण त्या वर्षी पोत सावकाराकडे गेली नाही. भावजय ती घालून गावातल्या लग्नाला गेली आणि पोरगी दुसऱ्या वर्षाची फी भरून अकोल्याला गेली.

आपल्याच वऱ्हाडात गाडगेबाबा होऊन गेले. चिंध्यांची गोधडी अंगावर आणि फुटके गाडगे हातात, एवढ्यावर त्यांनी गावे झाडली, शाळा-धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांना जुने वापरण्याची लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी? शिकती मुले शहरातून नवे काही घेऊन आली, की आपल्याला आनंद होतो. त्यांच्या हातात एक वहीही द्या आणि घरचा हिशोब त्यांच्यासमोर उघडा. लपवून ठेवलेले कर्ज पोरांना शिकवत नाही. उघडा हिशोब मात्र शिकवतो. आणि दुकानाची पायरी चढण्याआधी एकदा गोठा, माळा आणि पेटी पाहून घ्या.