बॅगेत गोळी, पोटात गोळा

मुंबईहून दुबई विमानानं तीन तासांवर. पुण्याहून कोल्हापूरला एसटीनं जायला याहून जास्त वेळ लागतो! त्यामुळे दुबईला जाणं म्हणजे 'फॉरेनला जाणं' असं आताशा कुणाला वाटतच नाही. लाँग वीकेंड दिसला, स्वस्तातलं तिकीट मिळालं, की निघाली मंडळी. बॅगेत गॉगल, स्विमिंग कॉस्च्यूम, बुर्ज खलिफासमोर फोटो काढायचा खास ड्रेस आणि आईनं शेवटच्या क्षणी कोंबलेली एक पिशवी. तिच्यात मेथकूट, लिंबाचं लोणचं, भाकरवडी आणि झिपलॉकमध्ये गोळ्या. तापाच्या, सर्दीच्या, पोट बिघडलं तर, पाठ धरली तर आणि झोप आली नाही तर.

मेथकुटाचं कुणी काही म्हणत नाही. पण त्या झिपलॉकमधली एखादी गोळी तुम्हाला हॉटेलऐवजी पोलीस कोठडीत पोचवू शकते. अतिशयोक्ती वाटते? मग चला एका वेगळ्याच वर्ल्ड टूरवर.

सुरुवात आपल्या नाक्यावरून

आपल्याकडे औषध घेणं किती सोपं आहे बघा. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं आणि म्हणायचं, "दादा, पाठ धरलीय, जरा स्ट्राँग काहीतरी द्या." दादा पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीनं कापून कागदी पाकिटात टाकतात. नाव, घटक, एक्स्पायरी हे सगळं उरलेल्या पट्टीवर, म्हणजे दुकानातच राहतं. खरं तर आपल्याकडेही कायदा आहे. शेड्यूल एच-१ मधली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि त्यांची वेगळी नोंद ठेवायची, हा नियम २०१४ पासून लागू आहे. पण दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी तुम्ही शेवटची कधी दाखवली होती? आठवतंय?

इथं हे चालून जातं, कारण मेडिकलवाले दादा तुम्हाला ओळखतात, तुमच्या वडिलांनाही ओळखतात. विमानतळावरचा कस्टम्सवाला कुणालाच ओळखत नाही. तो दोनच गोष्टी वाचतो. एक, गोळीच्या आत काय आहे. दोन, ती तुमचीच आहे हे सांगणारा कागद. गोळीचा ब्रँड पुण्यात किती फेमस आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

उदाहरणच घ्या. दाताचं रूट कॅनॉल झालं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं की अनेकांना अल्ट्रासेट दिली जाते. घरात ती 'दुखण्याची गोळी' म्हणूनच ओळखली जाते. तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल असतं आणि ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातकुळीतलं, माणसानं प्रयोगशाळेत बनवलेलं औषध. त्याची सवय लागते. म्हणूनच २०१८ साली भारतानंही ते अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली आणलं. पण आपल्या फर्स्ट एड बॉक्सला ही बातमी अजून कळलेली नाही.

करामाची संध्याकाळ

तर पहिला स्टॉप दुबई. खाडी अब्रातून ओलांडा, मीना बाजारात भाव करा आणि संध्याकाळी करामात शिरा. चहा, डोसा, साड्या, शिंपी आणि कानावर पडणारं हिंदी, मल्याळम, मधूनच मराठी. आपण ठाण्यात आहोत की काय असं वाटावं! कोपऱ्यावरच्या फार्मसीतही काउंटरमागे बऱ्याचदा केरळचाच माणूस असतो. क्रोसिन मागितलीत तर तो हसून पॅनाडॉल देईल. पण "झोपेची एखादी गोळी द्या ना" म्हणालात, तर हसणं बंद. कंट्रोल्ड औषध म्हणजे तिथल्या डॉक्टरचं रीतसर प्रिस्क्रिप्शन. ओळख, गाववाला, काही चालत नाही.

हाच कडकपणा विमानतळावरही आहे. अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही सगळी नियंत्रित औषधं. म्हणजे खोकल्याची काही सिरप, टेन्शनच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या सगळं आलं. यांवर पूर्ण बंदी आहे असं मात्र नाही. निघण्याआधी सरकारच्या वेबसाइटवर अर्ज करायचा, पासपोर्टची प्रत, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आणि वैद्यकीय अहवाल जोडायचा. या परवानगीला फी पडत नाही. फक्त ती आधी घ्यायची असते, पकडल्यावर नाही.

खरी गोची होते ती आई-बाबांची. मुलगा दुबईत, नातवंडाला बघायला दोघं तीन महिन्यांसाठी निघतात. बाबांना डायबेटिस, पायात मुंग्या येतात, म्हणून डॉक्टरांनी प्रीगॅबालिन दिलेलं. आपल्याकडे ही कॅप्सूल मधुमेही घरात जवळजवळ व्हिटॅमिनसारखी वावरते. तिकडे मात्र ती नियंत्रित यादीत आहे! बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसह तीन महिन्यांच्या नेता येतात. नियंत्रित औषध मात्र परवानगी काढूनही तीस दिवसांपुरतंच. मुक्काम नव्वद दिवसांचा, गोळ्या तीस दिवसांच्या. मग करायचं काय? फाइल बरोबर न्यायची आणि पहिल्या आठवड्यातच तिथल्या डॉक्टरला दाखवून पुढची सोय लावायची. 'थोड्या जास्तीच्या असू देत, कोण बघतंय' हे तत्त्वज्ञान पुणे स्टेशनपर्यंतच ठीक.

आता जरा स्वयंपाकघरात डोकावू. आजीच्या बटव्यातली खसखस, म्हणजे झोप येत नाही, पोट बिघडलंय, तर खसखशीची खीर. पण खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. त्यामुळे दिवाळीत मुलाकडे निघालेल्या आईनं अनारसे नेऊ नयेत हेच बरं. करंजीच्या सारणातही खसखस घातली असेल तर तीही घरीच राहू दे. बिचारी चकली चालेल!

'आमचं सगळं आयुर्वेदिक असतं हो' म्हणणाऱ्यांसाठीही सूचना. पोटासाठीच्या जातिफलादी चूर्णाच्या पारंपरिक पाठात भांग असते. ग्रंथात तिचं नाव 'विजया', तर अफूचं नाव 'अहिफेन'. नाव संस्कृत असलं म्हणून लॅबमधल्या मशीनचा रिपोर्ट बदलत नाही. डबीवरचे घटक वाचा आणि डबीवर घटकच नसतील तर ती डबी नेऊच नका.

लाल समुद्राकाठची सुट्टी

दुबईतून जरा पश्चिमेला गेलं की इजिप्त. तिथलं हुरघाडा हे लाल समुद्राकाठचं गाव. निळं पाणी, पोवळ्यांच्या बागा, स्वस्त रिसॉर्ट्स, युरोपातल्या टूरिस्टांची गर्दी. ऑक्टोबर २०१७ मध्ये एक ब्रिटिश तरुणी इथल्या विमानतळावर उतरली. तिच्या सुटकेसमध्ये ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या होत्या. तिचा इजिप्शियन जोडीदार पाठदुखीनं हैराण होता, त्याच्यासाठी नेलेल्या. तिच्या देशात ट्रॅमाडॉल डॉक्टरच्या चिठ्ठीवर सर्रास मिळतं. इजिप्तमध्ये त्याच्या व्यसनानं हैदोस घातलेला, त्यामुळे तिथं ते कडक बंधनाखाली. तिचं म्हणणं होतं की ते बेकायदा आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये कोर्टानं तिला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. जानेवारी २०१९ मध्ये ती सुटली, पण तोवर वर्षाहून अधिक काळ तुरुंगात गेला होता.

यातली मेख लक्षात आली? गोळ्या तिच्या स्वतःच्या नव्हत्या. चिठ्ठीही तिच्या नावाची नव्हती. प्रेमानं नेलेलं औषध कायद्याच्या भाषेत तस्करी ठरलं. आपण तर हे रोज करतो. "सुमा चाललीय ना सिंगापूरला, तिच्याबरोबर दे काकांच्या गोळ्या." यापुढे सुमाला आणि काकांना, दोघांनाही जरा विचार करू द्या.

टोकियोची शिस्त

'हे सगळं आखाताकडचं, आपण बुवा जपानला जाणार चेरी ब्लॉसम बघायला,' असं म्हणताय? थांबा. टोकियोतली ड्रगस्टोअर्स म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटवणारा प्रकार. रंगीत पाट्या, शॅम्पू, फेस मास्क, चॉकलेट्स आणि शेजारीच सर्दी-खोकल्याच्या औषधांची भिंत. गंमत म्हणजे यातल्या काही जपानी गोळ्यांमध्ये डायहायड्रोकोडीन असतं, कोडीनचं सख्खं भावंड. तिथं ते राजरोस विकलं जातं. पण एक टक्क्याहून जास्त कोडीन असलेलं औषध तुम्ही बाहेरून आणलंत, तर ते अमली पदार्थ मानलं जातं आणि आधी परवानगी लागते. दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी? ती तर आणायचीच नाही.

आणि अमेरिकेतून टोकियोत येणाऱ्या तुमच्या आयटीवाल्या मैत्रिणीला आजच मेसेज करा. एकाग्रतेसाठी तिकडे दिलं जाणारं अ‍ॅडरॉल जपानमध्ये पूर्ण बंद. त्यात अ‍ॅम्फेटामिन असतं, त्यामुळे प्रिस्क्रिप्शनचाही काही उपयोग नाही.

मोठ्या माणसांचं चालून जात असेल असा समज असेल तर तोही काढून टाका. २०१५ साली ज्युली हॅम्प टोयोटाच्या पहिल्या महिला मॅनेजिंग ऑफिसर झाल्या. जूनमध्ये त्यांना टोकियोत अटक झाली. अमेरिकेहून त्यांच्या नावे आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोनच्या ५७ गोळ्या सापडल्या होत्या आणि पार्सलवर लिहिलं होतं 'नेकलेस'. गुडघेदुखीसाठी मागवल्या असं त्यांनी सांगितलं. जुलैमध्ये खटला न भरता त्यांना सोडण्यात आलं. पण तोवर जवळजवळ तीन आठवडे कोठडीत गेले होते आणि त्यांनी राजीनामाही दिला होता. जगातल्या बड्या कंपनीची ताकद मागे असताना ही गत.

जपानचा सर्वसाधारण नियम मात्र सोपा आहे. साधी प्रिस्क्रिप्शनची औषधं एक महिन्यापुरती असतील तर वेगळा कागद लागत नाही. त्याहून जास्त असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाचं प्रमाणपत्र आधी ऑनलाइन घ्यायचं.

दोह्याचं पाकीट

परतीच्या वाटेवर एक गोष्ट आपल्या मुंबईची. औषधाची नाही, पण 'नेशील का एवढं?' या प्रश्नाची. जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला निघालं. ट्रिप एका नातेवाईक बाईंनी भेट दिलेली आणि सोबत एक पाकीट. दोह्याच्या विमानतळावर बॅगेत सुमारे चार किलो चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, २०२० मध्ये मुलगी तुरुंगातच जन्मली. पाकिटात काय आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, हे भारतातल्या तपासातून पुढे आलं, सरकारी पातळीवर पाठपुरावा झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये तिघं घरी परतली. निर्दोष असूनही पावणेदोन वर्षं गेली. अशा वेळी आपला दूतावास भेटायला येऊ शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो, घरच्यांना कळवू शकतो. तुरुंगाचं दार मात्र तो उघडू शकत नाही.

मग गोळ्या न्यायच्याच नाहीत?

नेहमीच्या गोळ्या तर न्यायलाच हव्यात. इन्सुलिन किंवा बीपीची गोळी भीतीपोटी घरी ठेवणं हा त्याहून मोठा धोका. फक्त निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एवढं करा :

- झिपलॉक रिकामं करा. सुट्ट्या आणि कापलेल्या गोळ्या बाद. अख्खी पट्टी, मूळ खोका, दुकानाचं बिल.
- प्रत्येक औषधाचं ब्रँडचं नाही, घटकाचं नाव लिहून काढा. ते त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या किंवा वकिलातीच्या वेबसाइटवर शोधा. विमान बदलायला उतरणार असाल तर त्या देशाचंही बघा.
- फॅमिली डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. पासपोर्टवरचं नाव, आजार, औषधाचं जेनेरिक नाव, डोस, किती दिवसांचं. चिठ्ठी वाचता येईल अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावी, असं २०१६ पासून आपल्या डॉक्टरांनाही सांगितलेलं आहे. तेव्हा लाजू नका, मागा.
- औषध नियंत्रित निघालं तर डॉक्टरांना पर्यायी औषध विचारा. ते नसेल तर परवानगी काढा आणि तिची छापील प्रत हँडबॅगेत ठेवा.
- उतरल्यावर शंका असेल तर लाल चॅनेलमधून जा, स्वतःहून सांगा. दाखवलेली गोळी आणि सापडलेली गोळी यांत फार फरक असतो.
- दुसऱ्याचं औषध, दुसऱ्याचं पाकीट? गोड हसून 'नाही' म्हणा. काकू चार दिवस रुसतील, पाचव्या दिवशी विसरतील.

प्रत्येक देशाचं एखादं जुनं दुखणं असतं. इजिप्तचं ट्रॅमाडॉल, जपानचं अ‍ॅम्फेटामिन. तिथला कायदा त्या दुखण्यातून जन्मलेला असतो, तुम्हाला छळायला केलेला नसतो. आपण पाहुणे म्हणून जातो, तेव्हा यजमानाच्या घरात कोणत्या विषयावर ताण आहे हे जाणून घेणं एवढंच आपलं काम. त्यासाठी एक संध्याकाळ आणि डॉक्टरांच्या क्लिनिकची एक चक्कर पुरते.

हॅपी जर्नी! आणि झोपेची गोळी नसेल तर खिडकीची सीट घ्या. रात्री वरून दिसणाऱ्या दुबईसाठी जागंच राहायला हवं.